मुंजाजीचा पहारा

गोरेगावात चैत्रातला सप्ताह बसला की मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात एक वस्तू सात दिवस भुईला टेकत नाही, ती म्हणजे वीणा. माणसं टेकतात. म्हातारी तर खांबाला पाठ लावून खुशाल घोरतात, आणि देव तेही पोटात घालतो. वीणा मात्र एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्याच गळ्यात पडते. ज्याच्या गळ्यात ती आहे त्यानं उभं राहायचं, तार छेडत 'राम कृष्ण हरी' म्हणायचं आणि त्याखेरीज तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याला कुणी हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही. येणाऱ्यानं, मग तो सरपंच असो नाहीतर सरपंचाच्या विरोधातला, आधी त्याच्या पायावर डोकं ठेवायचं. पुढचा पहारेकरी आपणहून आला, वाकला, तरच वीणा उतरायची. याला पहारा म्हणतात. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. टाळ वाजला की हात जोडायचे हे लेकराला जसं आईच्या मांडीवर कळतं, तसाच हाही कळतो.

यंदा हा नियम मुंजाजी फोटोवाल्याच्या फार कामी आला.

मुंजाजीचं जीपच्या थांब्याजवळ 'पुनम फोटो स्टुडिओ' नावाचं दुकान. पुनम म्हणजे त्याची लेक, सध्या नर्सिंग शिकायला नांदेडला. माणूस मनानं लोण्यासारखा आणि व्यवहारात ताकासारखा पातळ. लग्नाचे फोटो काढून पैसे बुडाले तरी "राहू द्या, पोरीचं लगीन व्हतं," म्हणून सोडून देणारा. मोठा कॅमेरा त्यानं कर्जावर घेतला. ते कर्ज रडतखडत फिटलंही असतं. पण मग हिंगोलीचे फोटोवाले लग्नात वर उडणारा ड्रोन आणायला लागले आणि गिऱ्हाइकं विचारू लागली, "मुंजाभाऊ, तुमचं ते उडणारं कुठाय?" म्हणून दुसरं कर्ज काढून ड्रोन आला. पहिल्याच लग्नात तो मांडवावरून असा काही झेपावला की नवरदेवाकडे कुणी बघेना. तेवढ्यात एका घारीला तो आपल्या घरट्यावर आलेला चोर वाटला. तिनं झडप घातली, आणि ड्रोन गिरक्या घेत विहिरीत. वऱ्हाडानं टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, हेही ठरलेलंच असेल.

पुढं लोक मोबाइलवरच लग्नं टिपायला लागले. ड्रोनचे हप्ते थकले म्हणून मुंजाजीनं हिंगोलीच्या एका फायनान्स कंपनीतून तिसरं कर्ज घेतलं. त्याला सहकर्जदार लागत होता. त्यानं घरी कागद आणले आणि बायकोला म्हणाला, "सरिता, हितं सही कर. स्टुडिओचा कागद हाय." सरितानं ओले हात पदराला पुसले आणि सही केली. दहावी पास बाई, तिला वाचता येत होतं. पण नवऱ्यानं पुढं केलेला कागद त्याच्यादेखत वाचायचा म्हणजे त्याच्या तोंडावर शंका घेतल्यासारखं, म्हणून तिनं वाचला नाही. हीच गोष्ट पुढं मुंजाजीला झोपेत डसायची. आणि तिसऱ्या कर्जाचे हप्ते भरायला त्यानं मोबाइलवर बोट दाबलं की मिळतं ते चौथं कर्ज घेतलं, तेव्हा तर सही करायलाही कुणी लागलं नाही.

मग सगळंच थकलं. फोन यायला लागले. पहिल्यांदा गोड बायकांचे, मग खरखरीत पुरुषांचे, शेवटी जळबाचा.

जळबा हा कंपनीचा वसुलीचा माणूस, कुरुंद्याचा. तो आरडाओरडा करत नसे, शिवी देत नसे. "सर, हप्ता भरून टाका ना सर. मलाही वर सांगावं लागतं सर," असं तो इतक्या दुःखानं म्हणे की मुंजाजीलाच त्याची कीव येई. पण सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "सर, आता घरी यावं लागून राहिलं. वहिनींची सही हाय, त्यांना भेटल्याबिगर माझी फाइल पुढं सरकत न्हाई."

मुंजाजीच्या तोंडचं पाणी पळालं. दुकान गेलं तरी चालेल, कॅमेरा ओढून नेला तरी चालेल. पण उंबऱ्यात अनोळखी माणूस उभा राहून सरिताला म्हणणार, "तुमच्याबी डोक्यावर कर्ज हाय," आणि ती त्या माणसाकडे न बघता नवऱ्याकडे बघणार. तो तिचा चेहरा त्याला आधीच दिसायला लागला. आपण तिला अगोदर सांगावं, हे त्याला कळत होतं. रोज सकाळी तो ठरवायचा. रोज सरिता चहाचा कप पुढं करून म्हणायची, "काय झालं? काहून असे बघून राहिले?" आणि तो म्हणायचा, "काही न्हाई. साखर बराबर हाय."

सप्ताहात सरिता दिवसभर देवळामागच्या पत्र्याखाली, सैपाकात. घराला कुलूप. जळबा पहिल्या दिवशी आला, कुलूप बघितलं आणि शेजारणीनं सांगितल्यावर मोटारसायकल देवळाकडे वळवली. मुंजाजी तेव्हा मांडवात सतरंज्या झटकत होता. गाडीवरून उतरणारा कंपनीचा निळा टी-शर्ट त्यानं लांबून ओळखला. सैपाकाच्या पत्र्याकडं जायचं तर मांडवातूनच जायचं. पळायला जागा नव्हती. समोर विष्णुपंत पुजारी गळ्यात वीणा घेऊन उभे होते, सकाळपासून उभे, पायांना सूज आलेली. मुंजाजी गेला, आणि त्यांच्यापुढं वाकला.

विष्णुपंतांना गहिवरून आलं. त्यांनीही वाकून मुंजाजीच्या पायांना हात लावला आणि वीणा त्याच्या गळ्यात घातली.

जळबानं चपला काढल्या, आत आला आणि थबकला. तेव्हा मुंजाजीनं प्रथम पाहिलं की त्याच्या टी-शर्टच्या गळ्यातून तुळशीची माळ डोकावत होती. माळकरी माणूस. वीणेकऱ्याला टाळून पुढं जाणं त्याला शक्यच नव्हतं. ज्याच्याकडून वसुली करायची, त्याच्याच पायावर त्यानं डोकं ठेवलं. उठताना अगदी हळू म्हणाला, "माउली." फोनवर सर, मांडवात माउली. मग खांबाशी बसून त्यानं बरीच वाट पाहिली. देवाच्या दारात एखाद्या घरच्या बाईला बोलावून पैशाचं बोलावं, हेही त्याला जमेना. शेवटी घड्याळ बघत उठला आणि गेला.

त्या दिवसापासून मुंजाजीनं वीणा सोडलीच नाही म्हणा ना. दिवसाउजेडी जो पहारा रिकामा असेल तो घ्यायचा, रिकामा नसेल तर मागून घ्यायचा. "तुमी जा काका, हळद शिजवायची हाय तुमची. मी उभा राहतो." हळदीचेच दिवस ते. गावाबाहेर कढया पेटलेल्या, शिजल्या हळदीचा तो ओलसर, मातीसारखा वास मांडवात भरून राहिलेला, उदबत्तीत मिसळलेला. माणसं कामानं टेकीला आलेली. त्यांना हा फोटोवाला देवानंच पाठवल्यासारखा वाटला.

आणि खरं सांगायचं तर मुंजाजीलाही तसंच वाटायला लागलं होतं. वीणेचा भोपळा छातीशी टेकला की तिचा घुमारा आधी बरगड्यांत उतरायचा, मग पोटात, मग पायाखालच्या सतरंजीत. दुपारच्या वेळी ऊन मांडवाच्या कापडातून गाळून खाली यायचं, सगळं पिवळं होऊन जायचं. त्यात त्याचे डोळे अर्धे मिटायचे. तोंडानं नाम चाललेलं, बोट तारेवर, आणि मन कुठल्या कुठं. एकदा त्याला वाटलं, तो ड्रोन विहिरीतून वर आला आहे. पाणी निथळत, आवाज न करता, गरुडासारखा. आणि तो आपल्यालाच घेऊन वर चालला आहे. खाली गोरेगाव. दोन्ही बाजूंनी वाळत घातलेली हळद, जणू कुणी गावाला नवरीसारखं उटणं लावलंय. घरं काडेपेटीएवढी, माणसं मुंगीएवढी, आणि इतक्या वरून बघितलं तर कुणाच्याही डोक्यावर काही ओझं दिसत नव्हतं. फोन इथवर पोचत नव्हता. त्याला त्या पिवळ्या उजेडात कायमचं तरंगत राहावंसं वाटलं.

दुसऱ्या वेळी मात्र पंगत दिसली. लांबच लांब पंगत, पत्रावळी मांडलेल्या, आणि पंगतीला त्याची कर्जं बसलेली. पहिलं कर्ज म्हातारं, शांत, खाली मान घालून जेवणारं. दुसऱ्याला पंख. तिसरं सोवळं नेसून आलेलं, त्याच्या कपाळावर सरिताची सही. चौथं पत्रावळीवर बसायच्या आधीच जेवून झालेलं आणि तरी ताट वाजवणारं. "वाढा, मुंजाजी, वाढा." तो भात वाढतो आहे, बुंदी वाढतो आहे, आणि कुणीच पुरे म्हणत नाही. वाढता वाढता टोपलं रिकामं झालं, तेव्हा पंगतीच्या शेवटी सरिता दिसली. तिच्यापुढं पत्रावळ होती, तिच्यावर काही नव्हतं, आणि ती मागत नव्हती.

त्याचं बोट तारेवरून घसरलं. शेजारच्या टाळकऱ्यानं चमकून बघितलं. मुंजाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

झालं. संध्याकाळपर्यंत गावात पसरलं की मुंजाजीला भावसमाधी लागली. पायांपाशी नारळ दिसायला लागले. कुणी तापलेलं लेकरू आणून त्याच्या पावलांवर निजवलं. मुंजाजीला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, मी लपलेला माणूस आहे. पण बोलायचं नाही हा नियम. नाम घेत तो नुसताच घामानं निथळत राहिला, आणि लोकांना तेही पटलं.

सगळ्यांत वाईट म्हणजे सरिताला पटलं. पहारा उतरला की ती तांब्याभर दूध घेऊन यायची. एरवी चारचौघांत नवऱ्याशी चढ्या आवाजात बोलणारी बाई, आता पायांना तेल चोळायला बसायची.

"दुखतात का?"

"न्हाई."

"खोटं नका सांगू. घोटे बघा कसे सुजले." मग आवाज बारीक करून म्हणायची, "आवं, सैपाकातल्या नानीबाई म्हनत व्हत्या, सरे, तुझ्या नवऱ्याला मी दुकानदार समजत व्हते. तू नशीबवान हायस. मी म्हनलं, आत्या, मला तर पहिल्यापासून म्हाईत हाय."

तेल चोळणाऱ्या त्या हाताखालून मुंजाजीला पाय ओढून घ्यावेसे वाटायचे. सांगू का आता, असं मनात यायचं, आणि तिच्या तोंडावरचा आनंद बघून शब्द परत घशाखाली जायचा. आधी फक्त कर्ज सांगायचं होतं, आता हा साधूपणाही उतरवून सांगायचा होता.

एका संध्याकाळी कीर्तन रंगात आलेलं. रिवाजाप्रमाणे वीणेकरी कीर्तनकाराच्या बाजूला उभा, म्हणजे मुंजाजीच. महाराज गोड गळ्याचे. माणसाला हसवता हसवता कधी कोपऱ्यात गाठतील याचा भरवसा नाही असे. कुठल्याशा राजाची गोष्ट सांगता सांगता एकदम थांबले, चिपळ्या खाली घेतल्या आणि म्हणाले, "देवाच्या दारात उभं राहणं वेगळं आणि देवाच्या आडोशाला उभं राहणं वेगळं. बाहेरून बघणाराला दोन्ही सारखीच दिसतात हो! फरक फक्त दोघांना कळतो. एक जो उभा आहे त्याला, आणि दुसरा ज्याच्यापुढं उभा आहे त्याला." मांडवानं 'वा' म्हणून टाळ कुटले. महाराजांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. पण मुंजाजीला वाटलं, मारुतीरायानं शेंदरातून डोळा किलकिला करून आपल्याकडे बघितलं.

जळबा मधे आणखी एकदा येऊन गेला होता. खांबाशी बसून टाळ वाजवले, मग तिथंच पेंगला, आणि प्रसाद खाऊन गेला. सप्ताहाच्या अखेरीला, भर दुपारी, तो तिसऱ्यांदा आला. चेहरा ओढलेला. मांडवात सामसूम. माणसं पंगतीला गेलेली, दोन म्हातारे आडवे. विष्णुपंतांनी त्या दुपारचे बाकीचे पहारेकरी सुट्टीवर सोडले होते. "आपले मुंजाजी माउली आहेत ना," म्हणून तेही ओसरीवर कलंडले होते.

जळबानं मुंजाजीच्या पायावर डोकं ठेवलं. उठून उभा राहिला. थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिला. मग काहीतरी मनाशी ठरवल्यासारखा पुन्हा वाकला, पण या वेळी दोन्ही हात पुढं पसरून. पहारा मागायला वाकतात तसा.

मुंजाजीला क्षणभर कळेना. पण मागणाऱ्याला वीणा नाकारायची नाही, हाही नियमच. त्यानं ती उतरवली, जळबाच्या गळ्यात घातली, त्याच्या पायांना हात लावला. जळबाचा हिशेब सरळ होता. वीणा उतरली की हा माणूस बोलायला मोकळा होईल. तो तोंड उघडणार, "सर," म्हणणार, तोच त्याच्या लक्षात आलं की आता आपल्याला बोलता येत नाही.

उघडलेलं तोंड त्यानं 'राम' म्हणून मिटवलं. बोट तारेवर ठेवलं. आणि दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

मुंजाजीला हसू आलं, मग हसूच्या पाठोपाठ हुंदका आला. जळबाच्या खिशात फोन थरथरायला लागला. वरचा साहेब असणार. जळबा खिशाकडं बघतो आहे, फोन थरथरतो आहे, हात वीणेत गुंतलेले. बराच वेळ वाजून तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला. जळबाच्या कपाळावर घाम आला. "राम कृष्ण हरी," तो म्हणाला, जरा जास्तच कळवळून.

"तुमालाबी येतात व्हय?" मुंजाजी म्हणाला.

जळबानं मान हलवली.

मुंजाजी त्याच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसला, आणि बोलायला लागला. कॅमेरा, ड्रोन, घार, तिसरं कर्ज, चौथं कर्ज. पदराला हात पुसून केलेली ती सही. आजपर्यंत त्यानं फोनवर कितीदा हे सांगायचा प्रयत्न केला होता, आणि दर वेळी पलीकडून ऐकू यायचं, "सर, ते मला नका सांगू, कधी भरता तेवढं सांगा." आज मधे कुणी तोडत नव्हतं. फक्त वीणेची तार घुमत होती, आणि तिच्या घुमाऱ्यावर त्याची सगळी लाज एकेक ओवीसारखी बाहेर पडत होती. "मी देव देव करीत न्हाई हो, जळबा माउली. मी तुमच्यापासून लपून राहिलो होतो. आन् लोक माझ्या पाया पडून राहिले." बोलून झाल्यावर त्याला नवल वाटलं. शब्द घशाबाहेर आले, आणि मांडव कोसळला नाही.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. हिंगोलीची जीप, देवळावरूनच जाते. ड्रायव्हर ओरडला, "मुंजाभाऊ, मोकळे दिसता आज! येता का हिंगोलीला? जागा हाय बघा."

मुंजाजी उठला. खिशात दुकानाची किल्ली होती, अंगात धुतलेला सदरा होता. हिंगोलीला स्टेशन आहे. जळबा जागचा हलू शकत नव्हता, कुणी येऊन वाकेपर्यंत तरी नाही. मुंजाजी जीपजवळ गेला. पायरीवर एक पाय ठेवला. आतल्या माणसांनी सरकून जागा केली.

तेव्हा पत्र्याखालून सरिताचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती, "हळू बोला गं, तकडं पहारा चालू हाय त्यांचा."

मुंजाजीनं पाय खाली घेतला. "तुमी जा," तो ड्रायव्हरला म्हणाला, "माझं हितंच काम निघालं."

पत्र्याखाली चुली धगधगत होत्या. सरिता परातीशी बसून भाकरी थापत होती, हात कोपरापर्यंत पिठाचे. शेजारी नानीबाई, सप्ताहाच्या सैपाकाची सगळी सूत्रं हातात असलेली म्हातारी. तिनं आधी बघितलं. "अरे मुंज्या! वीणा कुठाय? खाली ठिवलीस का काय, मेल्या?"

"न्हाई आत्या. दुसरा उभा हाय." मग तो सरिताकडं वळला. "तुला एक सांगायचं हाय."

"जेवून घ्या आधी."

"जेवण गोड न्हाई लागायचं. आधी ऐक."

नानीबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि घागर उचलली. घागर भरलेली होती, तरी ती पाणी आणायला गेली.

मुंजाजीनं उभ्यानंच सगळं सांगितलं. जळबाला सांगितलं त्याच क्रमानं, कारण दुसरा क्रम त्याला येत नव्हता. सरिताचे हात थापत राहिले. सहीचं आलं तेव्हा थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिनं ती उलटली नाही.

"म्हंजे ते कागद," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् हा पहारा? पायाला तेल लावत बसले व्हते मी रोज. लोकांनी लेकरं आणून घातली तुमच्या पायावर."

"व्हय."

"मी नानीबाईला काय काय सांगितलं." तिचा आवाज फाटला. "तुमी मला दोन रुपयाला इकलं असतं तरी चाललं असतं, पण मला येड्यात काढलं. मला विचारलं असतं तर मी म्हनले असते, नका घेऊ ते उडणारं. काहून न्हाई विचारलं?"

"तू नको म्हनली असतीस, म्हणून."

सरितानं त्याच्याकडं बघितलं. इतके दिवस त्याला दिसत होता तो चेहरा हाच होता. फक्त त्याच्या मनातल्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि हिच्या चेहऱ्यावर होता. का कोण जाणे, त्या रागानं त्याला धीर आला. तिनं करपलेली भाकरी उचलून बाजूला टाकली, हात धुतले, पदर खोचला.

"कुठाय त्यो माणूस?"

मांडवात जळबा उन्हाच्या पिवळ्या पट्ट्यात उभा होता. डोळे मिटलेले, नाम चाललेलं. त्याच्याही चेहऱ्यावर ते लांब गेल्यासारखं काहीतरी आलं होतं. सरितानं आधी त्याच्या पायावर डोकं ठेवलं, नियमाप्रमाणे. मग उठून, कमरेवर हात ठेवून, विचारायला सुरुवात केली.

"माझी सही हाय ना, भाऊ? मग मलाबी बोलायचा अधिकार हाय. आमी पळून जात न्हाई. कॅमेरा इकतो, दुकान सोडतो, मी ब्लाउज शिवते त्याचे पुनमची फी भागवून चार पैसे राहतात, त्यातलं देते. पण तुमचा हप्ता हाय तसा न्हाई झेपायचा. लहान करून, दिवस वाढवून मिळतो का? तसं करतात म्हणे."

जळबानं डोळे उघडले. मान जराशी हलवली. करतात.

"तुमी करता का?"

मान थांबली. मग खांदे वर झाले. साहेबाच्या हातात.

"अर्ज दिला तर साहेब वाचतो का?"

मान हलली.

"आन् आमच्या पोरीला, माझ्या माहेरी, शेजारीपाजारी फोन गेले तर? ते चालतं का तुमच्या नियमात?"

जळबानं जोरात नकार दिला. तुळशीची माळ वीणेवर वाजली.

"गळ्यात वीणा हाय, ध्यानात ठेवा," सरिता म्हणाली.

इतक्यात विष्णुपंत डोळे चोळत ओसरीवरून आले, आणि निळ्या टी-शर्टातला परका वीणेकरी बघून जागीच थांबले. "ही कोण माउली?" काही विचारायचं नसतं हे आठवून त्यांनी जीभ चावली, पुढं होऊन वाकले, आणि वीणा घेतली.

जळबानं मोकळं झाल्यावर पहिल्यांदा दोन्ही खांदे फिरवले. मग बोलला. मुंजाजीला वाटलं तो 'सर' म्हणेल.

"वहिनी, सोमवारी या हिंगोलीला. दोघंबी या. अर्ज मी लिहू लागतो. साहेबापुढं बसतोबी तुमच्यासंगं. पण साहेब माझं ऐकतोच असं न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. आन् त्या मोबाइलवाल्या कर्जाचं माझ्या हातात काहीच न्हाई. ते लोक वेगळे. त्यांचा फोन आला तर घाबरून जाऊन दुसरं काढू नका, एवढंच." मग मुंजाजीकडं वळून ओशाळं हसला. "माउली, त्यो फोन उचलता येईना तवा माझा जीव कसा झाला व्हता, काय सांगू."

नानीबाईनं त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

सरिता मात्र जेवायला थांबली नाही. घराकडं निघाली, आणि मुंजाजी तिच्या मागं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळद पसरलेली, ऊन वरून आणि खालूनही आल्यासारखं, सगळं जग पिवळं. ती पुढं, तो चार पावलं मागं. ती न वळता विचारायची, आणि तो सांगायचा.

"ड्रोनचं कितीक राहिलं?"

तो सांगायचा.

"पुनमला म्हाईत हाय?"

"न्हाई."

"तिला मी सांगते. तुमी सांगितलं तर ती शिक्षण सोडून येईल."

पुन्हा थोडं चालणं. मागून देवळातली वीणा अजून बारीक ऐकू येत होती, विष्णुपंतांच्या थकल्या बोटांनी. मुंजाजीला वाटलं, आपण अजून मांडवातच उभे आहोत आणि हे सगळं पिवळ्या उजेडात दिसतं आहे. पण पायाखालचे खडे खरे होते, आणि सुजल्या घोट्याला टोचत होते.

घर दिसायला लागलं तशी ती थांबली. अजूनही पाठमोरीच.

"झालं सगळं सांगून?"

मुंजाजीला खरं तर झालं म्हणता आलं असतं.

"एक राहिलं," तो म्हणाला. "तुझ्या भावाकडून पैसे घेतले व्हते. गेल्या दिवाळीत. त्याला शपथ घातली व्हती, तुला सांगू नको म्हणून."

वाळत्या हळदीवरून वारा आला, सरिताचा पदर उडाला, तिनं तो सावरून डोळ्यांना लावला.

"ते म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "तेवढं एकच म्हाईत व्हतं. दिवाळीपासून रोज वाट पाहून राहिले व्हते, तुमी कवा सांगता म्हणून."

मग ती वळली, आणि मागं राहिलेला नवरा बरोबरीनं येईपर्यंत उभी राहिली.